सांगण्याचा खर्च

टाइप वन मधुमेह असलेल्या मुलाच्या दंडावरचा सेन्सर दर पाच मिनिटांनी एक आकडा तयार करतो. दिवसाचे २८८ आकडे. एका आकड्याला दोन बाइट पुरतात असे धरले, तर अख्ख्या दिवसाचा मजकूर ५७६ बाइटमध्ये मावतो. देवनागरीतले एक चिन्ह साठवायला फोनला तीन बाइट लागतात. म्हणजे १९२ चिन्हांचा, दोन-तीन वाक्यांचा मराठी निरोप जेवढी जागा घेईल, तेवढ्यात या मुलाच्या साखरेचा दिवसभराचा वृत्तान्त बसतो. एवढासा मजकूर दंडावरून उशाशी ठेवलेल्या फोनपर्यंत, एखाद-दोन मीटर, न्यायचा आहे. हे काम इतके अवघड का ठरावे, आणि ते नीट झाले की नाही यावर कोणाचा जीव का अवलंबून असावा, हे समजून घेण्यासाठी हे पुस्तक आहे.

अवघडपणाचे मूळ विजेच्या हिशोबात आहे. त्वचेखाली साधारण पाच मिलिमीटर उतरलेल्या बारीक तंतूवर ग्लुकोज ऑक्सिडेज हे विकर बसवलेले असते. पेशींच्या मधल्या द्रवातले ग्लुकोज त्या विकराला भेटले की इलेक्ट्रॉन मोकळे होतात आणि इलेक्ट्रोडमधून अगदी क्षीण वीज वाहू लागते. ती नॅनोअँपिअरमध्ये मोजतात. रेडिओ चालू झाला की तो मात्र बॅटरीतून काही मिलीअँपिअर ओढतो. नॅनो आणि मिली यांच्यात दहा लाख पटींचे अंतर आहे. वजनकाट्यात किंवा गाडीच्या किल्लीत असते ती सीआर २०३२ जातीची बटन बॅटरी सुमारे २२५ मिलीअँपिअर-तास साठवते. पॅचमधल्या बॅटऱ्या पुष्कळदा याहूनही लहान असतात, आणि लहान बॅटरीची अडचण केवळ साठ्याची नसते. तिच्याकडून एकदम जास्त वीज मागितली तर तिचा विद्युतदाब कोसळतो आणि चिप बंद पडते. म्हणून शेजारी कपॅसिटर ठेवून आधी थोडी थोडी वीज जमा करावी लागते आणि मग ती क्षणात खर्च करायची. पॅच सीलबंद असतो, अंघोळीत भिजतो, झोपेत अंगाखाली दबतो. त्याला चार्जर लावता येत नाही. दहा ते पंधरा दिवस त्याने एकाच शिदोरीवर काढायचे असतात.

नवख्या विद्यार्थ्याला वाटते, मजकूर कमी केला की वीज वाचेल. तसे फारसे होत नाही. ब्लूटूथ लो एनर्जीचा मूळ वेग सेकंदाला दहा लाख बिट आहे, तेव्हा १६ बिटांचा आपला आकडा १६ मायक्रोसेकंदांत हवेत जाऊन मोकळा होतो. वीज जाते ती त्याच्या आगेमागे: झोपलेला रेडिओ जागा करण्यात, त्याचा क्रिस्टल स्थिरावेपर्यंत थांबण्यात, समोरच्याला हाक मारण्यात, ओळख पटवण्यात, पोच मिळेपर्यंत कान उघडा ठेवण्यात. एसटी स्टँडवर भेटायचे ठरवलेल्या दोघांची घड्याळे जुळत नसतील, तर एकाला आधी येऊन ताटकळावे लागते. बोलणे मिनिटभराचे आणि थांबणे अर्ध्या तासाचे. सेन्सरच्या आणि फोनच्या घड्याळांत दहा लाखांत वीस भागांची तफावत असली, तर पाच मिनिटांत ती सहा मिलिसेकंदांनी सरकतात. १६ मायक्रोसेकंदांच्या मजकुरासाठी सहा मिलिसेकंद कान देऊन बसायचे, म्हणजे पावणेचारशे पट. या क्षेत्रातले निम्मे चातुर्य भेटीची वेळ ठरवण्यात खर्ची पडले आहे.

गेल्या पाव शतकातली या विषयातली धडपड मला एकाच प्रश्नाभोवती फिरताना दिसते: सांगण्याचा खर्च कोणी उचलायचा? सेन्सरने स्वतः, ऐकणाऱ्याने, तिसऱ्याच कोणी, की प्रत्यक्ष शरीराने? प्रत्येक उत्तराचा एक पंथ झाला. आणि हे उत्तर अभियंत्याच्या टेबलावर ठरत असले, तरी डॉक्टरला कोणता आलेख दिसेल, आईला मध्यरात्री जाग येईल की नाही आणि घरखर्चाला किती तोशीस पडेल, हे त्यातूनच ठरते. ही गोष्ट वाचकाच्या मनात पक्की बसावी, एवढाच माझा आग्रह आहे.

आधी रसायनाकडे पाहू, कारण इतिहासात तेच आधी आले. लेलंड क्लार्क यांनी रक्तातला ऑक्सिजन मोजणारा इलेक्ट्रोड १९५०च्या दशकात बनवला आणि १९६२ साली चॅम्प लायन्स यांच्यासोबत त्यावर विकराचा थर देऊन ग्लुकोज मोजण्याची कल्पना मांडली. १९६७ मध्ये अपडाइक आणि हिक्स यांनी ती कल्पना हाताळता येईल अशा इलेक्ट्रोडमध्ये उतरवली. जपानमध्ये मोतोआकी शिचिरी यांच्या गटाने १९८२ मध्ये सुईच्या आकाराचा सेन्सर आणि अंगावर बाळगायची इन्सुलिन यंत्रणा जोडून दाखवली. मला या सगळ्यांत सर्वांत देखणे वाटते ते टेक्सासमधल्या ॲडम हेलर यांचे काम. विकराचे रेणू आणि इलेक्ट्रोड यांच्यामध्ये त्यांनी ऑस्मियम असलेल्या बहुवारिकाचे जाळे विणले, म्हणजे रेणूलाच तार जोडली. त्यामुळे कमी विद्युतदाबावर मोजमाप होऊ लागले, ऑक्सिजनच्या चढउताराची धास्ती कमी झाली, आणि पुढे या मार्गाने कारखान्यातच जुळवून दिलेले सेन्सर बाजारात आले. रोज बोट टोचून सेन्सरला खरा आकडा शिकवण्याची गरज उरली नाही. रसायनातल्या या सुधारणेचा फायदा संपर्कालाही झाला: ज्या पॅचला बाहेरून काही ऐकून घ्यायचे नसते, त्याचा ऐकण्यातला खर्च वाचतो. रसायन आणि रेडिओ यांच्यातली अशी देवघेव सुट्या सुट्या शिकवल्या जाणाऱ्या अभ्यासक्रमांत दिसत नाही.

संपर्काचा इतिहास सुरू होतो तो मौनापासून. १९९९ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मिनिमेड कंपनीच्या सतत ग्लुकोज मोजणाऱ्या यंत्रणेला मान्यता दिली. सेन्सरची वायर कमरेच्या डबीत जायची, डबी तीन दिवस दर पाच मिनिटांनी नोंद करायची, आणि मग डॉक्टरच्या खोलीत ती संगणकाला जोडली जायची. ज्याच्या शरीरातले आकडे, त्याला ते तीन दिवस दिसायचेच नाहीत. सांगण्याचा खर्च टाळण्यासाठी सांगणेच पुढे ढकलले होते. तरीही त्या उशिरा मिळालेल्या आलेखांनी एक मोठी गोष्ट उघड केली: दिवसातून तीन-चार वेळा बोट टोचून जे दिसत नव्हते, ते रात्रीचे खोल उतार डॉक्टरांना पहिल्यांदाच सलग दिसले. त्याच वर्षी अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने शरीरातल्या वैद्यकीय उपकरणांसाठी ४०२ ते ४०५ मेगाहर्ट्झचा पट्टा राखून ठेवला, पण प्रक्षेपणाला २५ मायक्रोवॉटची कमाल मर्यादा घातली. हळू बोलायचे, हा नियमच झाला.

२००१ मध्ये ग्लुकोवॉच नावाचे मनगटी यंत्र आले. त्वचेतून सौम्य वीज सोडून ते द्रव वर खेचायचे. त्वचा लाल व्हायची, खाजायची. काही वर्षांत ते बाजारातून गेले. २००६ मध्ये डेक्सकॉमचा पहिला सेन्सर आणि २००८ मध्ये ॲबटचा नॅव्हिगेटर हे बिनतारी सेन्सर आले. त्यांच्यासोबत एक वेगळा रिसीव्हर खिशात बाळगावा लागे. खरा बदल झाला तो दुसऱ्याच दिशेने. नोकियाने २००६ मध्ये वायब्री या नावाने पुढे आणलेले कमी विजेचे रेडिओ तंत्र २०१० साली ब्लूटूथ ४.० मध्ये सामावले गेले, आणि २०११ पासून ते फोनमध्ये येऊ लागले. ऐकणारा कान प्रत्येकाच्या खिशात आपोआप तयार झाला. २०१५ मध्ये डेक्सकॉमचा जी-फाइव्ह सेन्सर थेट फोनशी बोलू लागला. यात खर्च सेन्सर उचलतो: तो स्वतः उठतो, हाक मारतो, निरोप देतो. हा पहिला पंथ, आणि आज बाजारात त्याचेच राज्य आहे. त्याची खोट शरीरातच आहे. ब्लूटूथच्या २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पाणी शोषून घेते आणि आपण बहुतांशी पाणी आहोत. डाव्या दंडावर पॅच, उजव्या मागच्या खिशात फोन, आणि मध्ये धड आडवे आले की निरोप अडखळतो. मग पुन्हा हाका, पुन्हा खर्च.

दुसऱ्या पंथाने खर्च ऐकणाऱ्यावर टाकला. २०१४ मध्ये युरोपात आलेल्या ॲबटच्या फ्रीस्टाइल लिब्रेमध्ये निअर फील्ड कम्युनिकेशन होते, म्हणजे मेट्रोचे कार्ड ज्या १३.५६ मेगाहर्ट्झवर चालते तेच तंत्र. वाचणारे यंत्र दंडाजवळ नेले की त्याच्या चुंबकीय क्षेत्रातूनच बोलण्यापुरती वीज मिळते. सेन्सरची स्वतःची बॅटरी फक्त मोजण्याला आणि नोंद ठेवण्याला लागते. दर पंधरा मिनिटांची नोंद, अशा आठ तासांच्या नोंदी तो लक्षात ठेवी. पॅच चौदा दिवस टिकला, पातळ झाला, किंमत उतरली. पण या सगळ्याची किंमत एका ठिकाणी मोजावी लागली: कोणी विचारल्याशिवाय हा सेन्सर काही सांगू शकत नव्हता. झोपेत साखर घसरली तर त्याला ते माहीत असे. तशी नोंद तो मुकाट्याने करी. सकाळी स्कॅन केल्यावर आलेखात खड्डा दिसे.

इन्सुलिन घेणाऱ्या लहान मुलाच्या घरात राहिलेल्या कोणालाही या वाक्याचा अर्थ सांगावा लागणार नाही. रात्री शुगर लो होणे म्हणजे घाम, थरथर, कधी झटके, आणि फार क्वचित त्याहून वाईट. म्हणून रात्री दोनला गजर लावून मुलाचे बोट टोचणाऱ्या आया आजही आहेत. २०१८ मध्ये आलेल्या लिब्रे टूमध्ये जी तडजोड केली गेली, ती मी विद्यार्थ्यांना या क्षेत्रातला उत्तम नमुना म्हणून दाखवतो. आकडा बघायचा तर स्कॅन करा, ते जुनेच. पण साखर ठरावीक मर्यादेबाहेर गेली तर ब्लूटूथवरून गजर द्यायचा. एरवी विचारले तर सांगायचे, धोक्याला मात्र आपणहून ओरडायचे. विजेच्या काटकसरीला वैद्यकीय अर्थ कसा येतो, हे याहून स्पष्ट कुठे दिसत नाही. पुढच्या पिढीतल्या लिब्रे थ्रीने दर मिनिटाला आपणहून आकडा पाठवायला सुरुवात केली, पॅच आणखी लहान करून. चिप आणि बॅटरी यांतल्या प्रगतीने तडजोडीची जागाच पुसून टाकली, निदान ज्यांना तो सेन्सर परवडतो त्यांच्यासाठी.

याच दुसऱ्या पंथात सेन्सोनिक्सचा एव्हरसेन्स येतो. त्याचा सेन्सर डॉक्टर त्वचेखाली बसवतात, त्यात बॅटरी नाही, ग्लुकोजशी जोडले गेल्यावर चकाकणारे द्रव्य आहे. वरून चिकटवलेला ट्रान्समीटर त्वचेतून त्याला वीज पुरवतो आणि आकडा काढून घेतो. २०१८ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली तेव्हा तो ९० दिवसांचा होता. २०२४ मध्ये एका वर्षाचा झाला. आतल्या भागाने काहीच खर्च करायचा नाही असे ठरवले, तर आयुष्य किती वाढते हे यातून कळते.

तिसरा पंथ खर्च तिसऱ्यावर ढकलतो. हवेत आधीच असलेल्या रेडिओलहरी परावर्तित करायच्या, आणि परावर्तन कमी-जास्त करून निरोप गुंफायचा. १९४५ मध्ये मॉस्कोतल्या अमेरिकन राजदूताला भेट मिळालेल्या लाकडी राजमुद्रेत लिओन थेरमिन यांनी बनवलेले बिनबॅटरीचे चोरटे यंत्र याच तत्त्वावर होते. सात वर्षे ते कोणाच्या लक्षात आले नाही. हॅरी स्टॉकमन यांनी १९४८ मध्ये परावर्तित शक्तीने संपर्क साधण्यावर निबंध लिहिला. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या श्याम गोल्लाकोटा, जोशुआ स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दूरचित्रवाणीच्या लहरींवर स्वार होऊन दोन बिनबॅटरी यंत्रे एकमेकांशी बोलवून दाखवली. २०१६ मध्ये याच विद्यापीठात ब्लूटूथच्या लहरी परावर्तनातून वाय-फायच्या निरोपात बदलल्या गेल्या, तेही कॉन्टॅक्ट लेन्सच्या नमुन्यावर. कल्पना विलक्षण आहे. पण परावर्तित लहर फार क्षीण असते, आणि लहर पुरवणारा शेजारी कायम हजर हवा, म्हणून आजवर ती अंगावरच्या रासायनिक सेन्सरांच्या बाजारात रुजलेली नाही. मला तिच्याबद्दल आशा आहे, घाई नाही.

चौथा पंथ शरीरालाच तार मानतो. जे खारे पाणी २.४ गिगाहर्ट्झला गिळते, तेच पाणी कमी वारंवारतेच्या विजेला वाट देते. एमआयटीत थॉमस झिमरमन यांनी १९९५च्या सुमारास हे दाखवले. हस्तांदोलन करताना व्हिजिटिंग कार्डाचा मजकूर एका देहातून दुसऱ्यात पोचवण्याचे त्यांचे प्रात्यक्षिक गाजले. २०१२ मध्ये शरीरावरच्या जाळ्यासाठी जे आयईईई ८०२.१५.६ मानक आले, त्यात या पद्धतीला रीतसर स्थान मिळाले. पर्ड्यू विद्यापीठात श्रेयस सेन यांच्या गटाने एक मेगाहर्ट्झच्या आसपास आणि त्याखाली काम करून संकेत जवळजवळ देहातच कोंडून ठेवता येतो हे २०१९ मध्ये मोजून दाखवले. ब्लूटूथचा निरोप खोलीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू येतो. हा वीतभर अंतरावर विरून जातो. एका बिटाला लागणारी ऊर्जा त्यांनी काही पिकोज्यूलपर्यंत खाली आणली, ब्लूटूथच्या कैक पट खाली. खर्च आणि गुप्तता या दोन्ही कसोट्यांवर मला हा पंथ सर्वांत आश्वासक वाटतो. अडचण व्यवहाराची आहे. आज कोणत्याही फोनमध्ये त्वचेतून ऐकणारा कान नाही, आणि फोन सतत अंगाला टेकलेलाही नसतो. मनगटी घड्याळ मध्यस्थ झाले तरच ही वाट मोकळी होईल.

इथवर ग्लुकोजबद्दल बोललो, कारण यशस्वी झालेले तेच एक प्रमुख रसायन आहे. घामाचा अभ्यास अजून बाल्यावस्थेत आहे. सॅन दिएगोत जोसेफ वांग यांच्या प्रयोगशाळेने गोंदणासारखे चिकटणारे लॅक्टेट सेन्सर बनवले. बर्कलीत अली जावे यांच्या गटाने, वेई गाओ यांच्या पुढाकाराने, २०१६ मध्ये ग्लुकोज, लॅक्टेट, सोडियम, पोटॅशियम आणि त्वचेचे तापमान एकाच पट्टीत मोजून ब्लूटूथने फोनवर पाठवले. गाओ यांनी पुढे कॅल्टेकमध्ये २०२० साली घामातल्याच लॅक्टेटपासून वीज काढून ब्लूटूथ चालवला. शरीराने बातमीही द्यायची आणि ती पाठवण्याचे इंधनही. त्याच २०१६ मध्ये नॉर्थवेस्टर्नशी जोडलेल्या जॉन रॉजर्स यांच्या गटाने उलटी दिशा धरली: घाम सूक्ष्म नळ्यांत भरतो, रंग बदलतो, फोनच्या कॅमेऱ्याने फोटो काढायचा. २०२१ मध्ये खेळाडूंसाठी बाजारात आलेल्या गेटोरेडच्या घामाच्या पट्टीमागे हीच विचारसरणी होती. तिच्यात रेडिओच नाही. सांगण्याचा खर्च प्रकाशाने उचलला. मला हे उत्तर फार आवडते, कारण ते विचारते की इथे सततच्या निरोपाची खरोखर गरज आहे का.

आणि एक अपयश, जे प्रत्येक विद्यार्थ्याने अभ्यासावे. गूगलने २०१४ मध्ये अश्रूंमधले ग्लुकोज मोजणारी कॉन्टॅक्ट लेन्स जाहीर केली. केसाहून बारीक अँटेना, मिलिमीटरच्या अंशात बसणारी चिप, बाहेरून मिळणारी वीज, अभियांत्रिकीच्या दृष्टीने हे काम थक्क करणारे होते. २०१८ मध्ये ते थांबवले गेले, कारण अश्रूतल्या साखरेचे रक्तातल्या साखरेशी भरवशाचे नाते सापडले नाही. निरोप अचूक पोचत होता. निरोपातच तथ्य पुरेसे नव्हते. २०२४च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाला त्वचा न टोचता साखर मोजण्याचा दावा करणाऱ्या घड्याळांविरुद्ध आणि अंगठ्यांविरुद्ध इशारा द्यावा लागला. सुबक ॲप आणि अखंड ब्लूटूथ यांनी खोट्या आकड्यालाही प्रतिष्ठा मिळते, हा या तंत्रज्ञानाचा धोका मी हलका मानत नाही.

निरोप फोनवर पोचला म्हणजे माणसाला कळला, असेही नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये सेन्सर आणि इन्सुलिन पंप यांची अंशतः स्वयंचलित जोडी अमेरिकेत मान्य झाली, तेव्हापासून हरवलेल्या एका निरोपाचा अर्थ बदलला आहे. पंप त्यावर मात्रा ठरवतो. २०११ मध्ये जे रॅडक्लिफ या स्वतः मधुमेह असलेल्या सुरक्षातज्ज्ञाने पंपाच्या बिनतारी आज्ञा परक्याला देता येतात हे जाहीरपणे दाखवले, आणि २०१९ मध्ये अशाच कारणाने मेडट्रॉनिकचे काही जुने पंप परत मागवले गेले. कुलूप लावायलाही वीज लागते, विशेषतः पहिल्या ओळखीच्या वेळी किल्ली ठरवायला. २०२५च्या फेब्रुवारीत फोनच्या सेटिंगमुळे साखरेचे गजर गप्प राहू शकतात, असा इशारा अमेरिकेत निघाला. दंडापासून फोनपर्यंत मायक्रोवॉट वाचवत आणलेला निरोप शेवटी ‘डू नॉट डिस्टर्ब’वर अडकावा, याचे मला फार वाईट वाटते. म्हणून संपर्काची साखळी आईच्या कानापर्यंत मोजायची, फोनच्या अँटेनापाशी थांबायचे नाही, असे या पुस्तकात ठरवले आहे.

हे ओळखणारे पहिले लोक पालकच होते. २०१३ मध्ये न्यूयॉर्क राज्यातले संगणक अभियंते जॉन कोस्टिक यांनी आपल्या लहान मुलाच्या डेक्सकॉम रिसीव्हरला फोन जोडला आणि शाळेतले आकडे ऑफिसमध्ये बघता येतील असा प्रोग्रॅम लिहिला. त्यातून नाइटस्काउट उभे राहिले आणि ‘वुई आर नॉट वेटिंग’ म्हणणारे हजारो पालक एकत्र आले. कंपन्यांनी अधिकृत सोय आणली ती त्यानंतर.

आपल्याकडे हा विषय आता का? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या इंडियाब अभ्यासाने २०२३ मध्ये देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज दिला. दोन आठवड्यांच्या एका सेन्सरला काही हजार रुपये लागतात. वर्षाला २६ सेन्सर म्हणजे बहुतेक घरांच्या आवाक्याबाहेरचे गणित. इथे दुसऱ्या पंथाचा एक प्रकार मोलाचा ठरला. भारतात २०१५ मध्ये आलेल्या लिब्रे प्रोमध्ये वाचणारे यंत्र दवाखान्यात राहते, रुग्णाकडे फोन असण्याची गरज नाही. चौदा दिवसांनी डॉक्टर एकदा स्कॅन करतात आणि १३४४ नोंदी काही सेकंदांत समोर येतात. १९९९च्या मौनाकडे हे परतणे दिसते खरे, पण एका यंत्रावर शेकडो रुग्णांचा खर्च वाटला जातो. बीड किंवा गडचिरोलीतल्या तालुक्याच्या गावी, जिथे मोबाइलला रेंज येते-जाते, तिथे दर मिनिटाला बोलणाऱ्या पॅचपेक्षा भरपूर लक्षात ठेवणारा पॅच जास्त कामाचा आहे. माझे हे मत पक्के आहे, आणि आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतले प्रकल्प आयते ब्लूटूथ मॉड्यूल चिकटवून संपतात याची खंतही तितकीच पक्की आहे. कोणाला, कधी, किती सांगायचे, हे आधी ठरवावे. मॉड्यूल नंतर निवडावे.

दर पंधरवड्याला कचऱ्यात जाणाऱ्या बॅटरीचा प्रश्नही यातच येतो, आणि आकडे कोणाच्या सर्व्हरवर राहतात हाही. २०२३चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा आला आहे. पण निरोप देहाबाहेर वीतभरच जाणार की खोलीभर पसरणार, हे कायद्याआधी अँटेनाच्या आराखड्यात ठरून गेलेले असते.

या पुस्तकाची मांडणी त्यामुळे उपकरणांनुसार केलेली नाही. रसायन, मोजणी, साठवण, भेट, निरोप, गजर असा एकाच आकड्याचा प्रवास ते धरून चालते, आणि प्रत्येक टप्प्यावर विचारते की इथली वीज कोणी दिली. गणित आहे, पण बारावीच्या विज्ञानापलीकडचे नाही; ज्यूल, सेकंद आणि अँपिअर यांचा गुणाकार-भागाकार हाताने करता येईल अशीच उदाहरणे निवडली आहेत, आणि ती वहीत सोडवावीत अशी विनंती आहे. कोणता सेन्सर विकत घ्यावा, हे इथे मिळणार नाही. इन्सुलिनच्या मात्रेबद्दल एक शब्दही नाही. तो डॉक्टरांचा प्रांत आहे. हृदयाचे ठोके, पावले, झोप मोजणारी यंत्रे मुद्दाम वगळली आहेत. त्यांची माहिती धो-धो वाहते आणि तिचा संपर्काचा प्रश्न वेगळा आहे. रसायनाची बातमी हळू येते: पेशींच्या द्रवातली साखर रक्ताच्या मागे पाच-दहा मिनिटे असते, त्यामुळे रेडिओने एखादा सेकंद उशीर केला तर काही बिघडत नाही, पण गजर हरवला तर बिघडते. उशीर चालतो, हरवणे चालत नाही, या एका अटीवर जगातली बहुतेक दूरसंचार यंत्रणा घडलेली नाही, म्हणून या सेन्सरांसाठी वेगळा विचार करावा लागतो.

डॉक्टरांनी आणि पालकांनी गजराच्या टप्प्यापासून सुरुवात करून मागे यावे, असे सुचवतो. विद्युत अभियंत्यांनी विकराच्या टप्प्यापासून पुढे जावे. दोघांची गाठ भेटीच्या टप्प्यावर पडेल. तो भाग सर्वांत लांब झाला आहे, आणि त्यातली घड्याळांची उदाहरणे सोडवल्याशिवाय पुढचे पान उलटू नये.